अण्णांची वरात आणि चार टायर

"अण्णा, शनिवारी तुम्ही कंपनीच्या बसनं घरी जायचं नाही! माझ्या गाडीनं जायचं. मी स्वतः सोडणार!"

मुरारीने भर कँटीनमध्ये ही घोषणा केली, तेव्हा अर्ध्या शिफ्टने ताटं वाजवली. ज्योतीरामअण्णा शनिवारी रिटायर होणार होते. चाकणच्या त्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी माल तपासला आणि चौतीस वर्षं तळवड्याहून त्याच बसच्या तिसऱ्या खिडकीशी बसून ये-जा केली. रिटायर होणाऱ्याला हार घालून, हलगी वाजवत, सजवलेल्या गाडीतून घरी पोचवायचं, ही तिथली रीत. आणि गाडी म्हणाल तर मुरारीची! लालभडक, बुटकी, मागे पंख लावलेली, उभी असली तरी पळतेय असं वाटणारी सेडान. सहा महिन्यांपूर्वी त्याने ती एका आयटीतल्या पोराकडून जुनी घेतली होती, तीही मुख्यतः तिच्या चकचकीत चाकांवर भाळून.

मुरारीला अण्णांचं एवढं का, तर नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने एक अख्खा चुकीचा लॉट पास करून पाठवला होता. तेव्हा "सही माजी हाय, चूकबी माजीच," म्हणत अण्णांनी साहेबाच्या शिव्या स्वतः खाल्ल्या आणि मुरारीची नोकरी वाचली. पुढे अण्णांनीच त्याला माप घ्यायला शिकवलं. रोज एकच मंत्र: "आदी ड्रॉइंग बगायचं, मंग पार्ट." म्हणजे आधी कागदावरचं माप, मग हातातला माल. त्या माणसाचा शेवटचा दिवस राजासारखा झाला पाहिजे, एवढंच मुरारीच्या मनात होतं.

अडचण एकच. गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले होते.

"टायर आहेत की तुमचं टक्कल?" त्याची बायको सुप्रिया म्हणाली. "त्या म्हाताऱ्या माणसाला नीट घरी पोचवायचंय ना? मग आधी हे बदला!"

मुरारी कामाला लागला. मुलगी देताना लोक स्थळाची चौकशी करत नाहीत एवढी त्याने तीन दिवस टायरांची केली. ओल्या रस्त्यावर कोण धरतो, वळणावर कोण घसरतो, आवाज कोण करतो, सगळं पाठ! शुक्रवारी गाडी कंपनीच्या गेटसमोरच्या वॉशिंग सेंटरला पॉलिशला टाकून तो पिंपरीत रविराजच्या टायरच्या दुकानात हजर झाला.

"गाडी कुठंय?" रविराजने विचारलं.

"चाकणला. पॉलिशला."

"मग उद्या आणा ना राव. मी चाक बघूनच टायर देतो."

"चाक कशाला बघायचं?" मुरारी हसला आणि त्याने मोबाइल पुढे केला. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर गाडीच्या कंपनीने टायरचं माप लिहिलेला स्टिकर असतो, त्याचा फोटो! "हे ड्रॉइंग. सोळा इंच."

"पण भाऊ, सेकंडहँड गाडी..."

"रविराजभाऊ, मी क्वालिटीवाला आहे. सोळा म्हणजे सोळा!"

मग निवड सुरू झाली. हा मागच्या वर्षी बनलाय, रिजेक्ट! ह्याच्या कडेला ओरखडा, रिजेक्ट! नऊ टायर असे बाद झाल्यावर रविराजने कपाळाचा घाम पुसला. "साहेब, गाडीला लावायचेत की देवघरात ठेवायचेत?"

शेवटी चार टायर पसंत पडले.

शनिवारी मुरारीने अर्धा दिवस रजा काढली. दुपारी एकला भाड्याने सांगितलेला सनीचा छोटा टेम्पो ते चार टायर घेऊन वॉशिंग सेंटरला पोचला. गाडी झेंडूच्या माळांनी नटून उभी होती. फिटरने चारही चाकं काढली, जुने टायर सोलून बाजूला फेकले. तेवढ्यात भंगारवाला आला. "घेऊन जा बाबा, फुकट घेऊन जा!" मुरारी उदारपणे म्हणाला. भंगारवाला कुदळवाडीच्या भंगारबाजाराच्या दिशेने दिसेनासा झाला आणि इकडे फिटरने नवा टायर रिमवर टेकवला.

टेकवला, दाबला, उलटा करून दाबला. मग तो उठून उभा राहिला.

"साहेब, टायर सोळाचा. रिम सतराची."

"शक्यच नाही! ड्रॉइंग..."

"अहो, आधीच्या मालकाने हौसेनं मोठी अलॉय व्हील टाकलीयत. हे बघा, रिमवरच लिहिलंय."

मुरारीने वाकून बघितलं. ज्या चाकांवर तो भाळला होता, त्यांच्याच पोटात सतरा लिहिलं होतं! त्याने रविराजला फोन लावला. सतराचा माल सोमवारी मिळणार होता. भंगारवाल्याचा नंबर कुणाकडेच नव्हता.

साडेतीनला शिफ्ट सुटली, हलगी कडाडली. फेटा बांधलेले, हारांत बुडालेले अण्णा दोनशे माणसांसह गेटबाहेर आले. समोर लाल गाडी झेंडू लेवून विटांवर बसली होती आणि तिला एकही चाक नव्हतं.

हलगी थांबली. मुरारीला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. ज्याने आपली नोकरी राखली, त्याचा शेवटचा दिवस आपण मातीत घातला! त्याचे डोळे भरून आले. कशीबशी त्याने सगळी हकिगत सांगितली.

अण्णांनी खाली बसून रिम बघितली, मग टायर बघितला.

"आरं मुरारी, मी काय शिकवलं व्हतं?"

"आधी ड्रॉइंग..."

"मंग पार्ट! त्ये म्हनलोच न्हाई का मी? इतकी वर्सं काय निस्ती पयली ओळच आयकली व्हय रं?"

त्यांनी खिशातून खराब मालाला बांधायचं, रिजेक्टचं शेवटचं लाल लेबल काढलं, त्यावर सही केली आणि टायरला बांधलं. दोनशे माणसं हसली. मग अण्णांची नजर सनीच्या टेम्पोकडे गेली. "ह्यो मोकळा हाय का?"

गाडीच्या माळा टेम्पोवर चढल्या. मागे नव्या टायरांचं सिंहासन रचलं: दोन एकावर एक, दोन कडेला उभे, आणि मधल्या खोबणीत काटकुळे अण्णा असे चपखल बसले, की जणू मापच घेतलं होतं! पुढे हलगी, मागे साठ मोटारसायकली आणि उंचावर अण्णा! "गुडगं दुखत्यात रं माजं. त्या बुटक्या गाडीत बसलो असतो तर उठवाया क्रेन लागली असती," असं म्हणून त्यांनी मुरारीला शेजारी ओढलं आणि तळवडे येईपर्यंत त्याचा हात सोडला नाही. मुरारी हसत होता आणि रडतही होता.

दारात अण्णांच्या बायकोने, सावित्रीबाईंनी, अण्णांना ओवाळलं. नवी वस्तू दारात आली म्हणून चारही टायरांना हळदकुंकू लावलं, वर अक्षताही टाकल्या.

सोमवारी रविराजने गाडीला सतराचे टायर दिले. पण सोळाचे चार बघून हात जोडले. "साहेब, पूजा झालेला माल मी परत घेत नाही!"

आता ते टायर संत तुकाराम नगरमध्ये मुरारीच्या गॅलरीत आहेत. मंगळवारी स्टोअरचे दादासाहेब त्याला शोधत आले. पुढच्या महिन्यात तेही रिटायर होतायत.

"मुरारी, माझ्या वेळी तुझी गाडी नको बरं का. ते टायर तेवढे आण!"

मुरारी लगेच हो म्हणणार होता. पण धडा ताजा होता. त्याने आधी पार्ट बघितला. दादासाहेब कँटीनच्या दारातून तिरके होऊन आत येतात.

टायर पुन्हा लहान पडत होते!