बापूंचं जुनं वायफाय

हणमंतबापूंच्या फाटकाशी गेलं की आधी आवाज येतो, "थांबा! परवलीचा शब्द?" तो सांगितल्याशिवाय आत चहा नाही. शब्द रोज बदलतो, आणि आदल्या दिवशी तो बापूच सांगतात. काल 'भुईमूग' होता. एकदा मी विसरलो, तर रोज समोरासमोर दात घासणाऱ्या सख्ख्या शेजाऱ्याला त्यांनी उन्हात उभं केलं.

पाटणजवळच्या आमच्या गावात बापू म्हणजे फौजेच्या सिग्नलमधून, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या दलातून, निवृत्त झालेले हवालदार. घरोघरी वायफाय आलं आणि बापूंना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. "मास्तर, हवेतनं पत्र चाललंय. पाकीट बंद नगं व्हय?" असं म्हणत त्यांनी अख्ख्या आळीचं एनक्रिप्शन तपासलं. सगळ्यांना सर्वांत नव्या, मजबूत डब्ल्यूपीए-थ्रीवर आणलं. माझा पासवर्ड म्हणजे माझ्या मुलीचं नाव होतं. "ह्यो पासवर्ड हाय का बारशाचं आवतान?" म्हणून चार लोकांत माझी शोभा केली.

गेल्या आठवड्यात त्यांचा राउटर जळला. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून नवा लावायला मला बोलावलं. मी न विचारता 'थ्री'वर बोट नेलं.

"थ्री नगं. जुनं टू ठेवा," बापू म्हणाले. "नाव आन पासवर्डबी पयलाच."

मला आयतीच संधी मिळाली. "काय बापू, लोका सांगे ब्रह्मज्ञान?"

ते हसले नाहीत. "शिवाचा फोन जुना हाय. त्येला थ्री झेपत न्हाई."

शिवा त्यांचा एकुलता मुलगा. भरतीला जाणार नाही म्हणाला, बापूंनी हात उचलला, आणि तीन वर्षांपूर्वी तो घर सोडून गेला. पुण्यात असतो, एवढंच ठाऊक.

"रागात गेलाय. उद्या दारात आला, तर बापाला पासवर्ड इचारंल व्हय? न्हाई इचारायचा. माज्यावर गेलाय त्यो. पयला पासवर्ड त्येच्या फोनात हायच, न इचारता लागलं पायजे त्येला."

"आणि दुसरंच कुणी शिरलं तर?"

"म्हनून तर फाटकाशी बसतोय न्हवं?"

तीन वर्षांत शिवानं फोन बदलला असेल, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण जे मला कळतं ते सिग्नलच्या माणसाला कळत नसेल? मला फार वाईट वाटलं. मी 'टू' निवडलं आणि पासवर्ड विचारला.

बापूंनी मान खाली घालून एकेक अक्षर सांगितलं. शिवाचं नाव, आणि पुढे त्याची जन्मतारीख.