खाली दुकानं कसली?

हॉटेलात फोन लावला की माणसं भाडं विचारतात, गरम पाणी विचारतात. आमचे मुजावरसाहेब अलीकडे विचारतात, "खाली दुकानं कसली आहेत?" पलीकडचा माणूस गडबडला की हे शांतपणे म्हणतात, "बघून या. मी धरतो फोन."

मुजावर आणि मी स्वारगेटला एसटीच्या एकाच कचेरीत होतो. निवृत्त झाल्यावरही आम्ही जुनी मंडळी दरवर्षी सहल काढतो. हॉटेल ठरवायचं खातं मुजावरांकडे, कारण ते त्यांनी स्वतःहून घेतलंय. परत मागायची कोणाची छाती नाही. "आपण ठरवा की. मग ढेकूण चावले म्हणून मला उठवू नका," असं ऐकून घ्यावं लागतं.

यंदा म्हैसूर ठरलं. आमच्यातल्या देशपांड्यांनी गावाबाहेरचं, झाडीतलं हॉटेल सुचवलं. दुपारी एक ते चार तिथे चिटपाखरू नसतं, आणि त्यांच्या लेखी राजवाड्यापेक्षा हेच मोठं आकर्षण. मुजावरांनी फोटो पाहिला. "छान आहे. आजारी पडलो की जाऊ," म्हणाले आणि भर बाजारातलं हॉटेल ठरवून मोकळे झाले. खाली ओळीनं शिंप्यांची दुकानं.

पहिल्याच दुपारी आमचे हाल झाले. जेवून पाठ टेकतोय तोच खालून शिलाई मशिनींची खडखड सुरू. देशपांडे कानात कापूस घालून पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालायला लागले. झाडीतल्या हॉटेलात त्यांनी फोनही केला. खोल्या रिकाम्या होत्या. मुजावरांना खडसावायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

तणतणतच गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत खिडकी सताड उघडी आणि साहेब तोंड वासून गाढ झोपलेले.

हलवून उठवलं. हॉटेल बदलायचं म्हणतात सगळे, असं सांगितलं, तर नुसतं "बदलू या" म्हणाले. मुजावर वाद घालत नाहीत म्हटल्यावर माझाच राग ओसरला. काय झालं म्हणून विचारलं.

त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

"घरी हमीदा दुपारभर ब्लाउज शिवायची. मी ओरडायचो, बंद कर ते मशीन. आता तिकडे मांजरी गावात मुलाच्या फ्लॅटमध्ये, बाराव्या मजल्यावर, कसलाच आवाज नाही. ती गेल्यापासून दुपारचा डोळा लागत नव्हता. आज लागला."

मला हमीदावहिनी डोळ्यांसमोर दिसल्या. म्हटलं, पडा तुम्ही, आणि दार ओढून घेतलं.

बाहेर देशपांडे बॅग भरून उभेच होते. काय म्हणाले, त्यांनी विचारलं.

"ते तयार आहेत हो. पण मी येत नाही. मला इथे फार छान झोप लागते."

देशपांड्यांनी माझ्या तारवटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मुजावरांच्या दाराकडे पाहिलं, आणि बॅग परत आपल्या खोलीत नेली.