एका बॅकहोची सविस्तर माहिती

आमच्या घरातून सेप्टिक टँककडे जाणारी नळी सतरा ऑक्टोबर रोजी सकाळी, नाश्त्याच्या सुमारास, कालवश झाली. वय बासष्ट. तिच्या मागे एक संडास, एक न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातले एक बेसिन असा परिवार आहे.

नवी नळी टाकायची तर घरापासून टाकीपर्यंत तीस फूट लांब, चार फूट खोल चर खणणे भाग होते. विस्कॉन्सिनच्या आमच्या उत्तर टोकाला जमीन नोव्हेंबरअखेर गोठते आणि मग एप्रिलपर्यंत कोणाचे ऐकत नाही. माझी बायको आर्डिस त्याच दुपारी बॅग भरून डुलुथला, बहीण व्हर्नाकडे, राहायला गेली. जाताना तिने एवढेच सांगितले की संडास वाहता झाला की फोन कर, त्याआधी हवामान कळवायलासुद्धा करू नकोस. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात बायको कुठल्या मुद्द्यावर जाईल याचे मी पुष्कळ अंदाज बांधले होते. हा त्यात नव्हता.

दोन मैलांवर मार्लिस राहते. तिचा खोदाईचाच धंदा आहे. ती गुरुवारी दहाला आली असती आणि नळी टाकून जेवायला घरी गेली असती. पण आमच्या गावात ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे तो खणायला दुसऱ्याला बोलावत नाही. असा लेखी नियम नाही, म्हणूनच त्याला अपवादही नाही. पशुखाद्याच्या दुकानात रोज सकाळी आम्ही सहा म्हातारे कॉफी प्यायला बसतो. सातवी खुर्ची गेरहार्टची. त्याने एकदा घराचा दरवाजा बसवायला माणूस बोलावला होता. गेरहार्ट अजून हयात आहे, पण हल्ली तो कॉफी पेट्रोल पंपावर पितो.

माझ्या दारात ट्रॅक्टर होता. वडिलांचा, एक्कावन्न सालचा, स्वभावाने माझ्यापेक्षा शांत. त्याच्या मागे बॅकहो जोडला, म्हणजे ती खोदणारी लोखंडी सोंड, की चर आपोआप खणला जाणार होता. शेजारच्या तालुक्यात डेलमर नावाच्या गृहस्थाच्या गोठ्यात असा एक जुना बॅकहो पडून होता. डेलमर चर्चचा खजिनदार, खोटे बोलत नाही. माझ्या ट्रॅक्टरला बसेल का, असे मी विचारले. त्याने बराच विचार केला.

"बसवला तर बसेल," तो म्हणाला.

इतके प्रामाणिक उत्तर मला आयुष्यात मिळाले नव्हते, आणि म्हणूनच बहुधा ते कळले नाही.

मी तो बॅकहो विकत घेतला आणि दोन दिवसांत काम उरकेल असा हिशेब करून त्याच संध्याकाळी खोदाईपूर्व कार्यालयाला फोन केला. खणण्याआधी या कार्यालयाला कळवावे लागते. मग त्यांचा माणूस येतो आणि जमिनीखालच्या तारांवर आणि नळ्यांवर रंगीत निशाणे रोवून जातो. निशाणे दहा दिवस वैध असतात. तेवढ्यात खोदाई सुरू झाली नाही तर ती जागच्या जागी मरतात आणि पुन्हा अर्ज करावा लागतो. आमच्याकडे कॉर्लिस नावाचा अत्यंत सभ्य गृहस्थ आला. विजेला लाल, टेलिफोनला नारिंगी. तो टेलिफोन आम्ही नऊ वर्षांपूर्वीच बंद केला, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, तार मेली असेल, पण रजिस्टरात जिवंत आहे." आणि त्याने बारा नारिंगी निशाणे रोवली.

इकडे बॅकहोच्या जोडणीची भोके माझ्या ट्रॅक्टरच्या पिनांपेक्षा मोठी निघाली. कॉफीच्या टेबलावरचा माझा मित्र वेंडेल वेल्डिंग करतो. त्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर एक उपाय असतो आणि तो उपाय हीच पुढची अडचण असते. त्याने जाड पिना बनवल्या. जाड पिनांसाठी ट्रॅक्टरचे मागचे, ओझे उचलणारे हात कापून नवे लावले. नवे हात सोंडेला पेलू लागले, पण ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपात तेवढा दम नव्हता. सोंडेच्या टोकाची बकेट खाली यायला अकरा मिनिटे लागली. मी मध्येच घरात जाऊन अंडी उकडून आलो. तेव्हा वेंडेलने पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा वेगळा पंप आणला, पंपाला तेलाची टाकी, टाकीला नळ्या. आता सोंड झटक्यात हलू लागली आणि पहिल्याच झटक्याला ट्रॅक्टरची पुढची चाके हवेत गेली.

दहा दिवस संपले. कॉर्लिस दुसऱ्यांदा आला. जुनी निशाणे काढून टाका, असे मी त्याला सुचवले. त्याने खेदाने सांगितले की रोवणे हे कार्यालयाचे काम आहे आणि काढणे हे खोदणाऱ्याचे. मग मीच काढतो, असे म्हटल्यावर तो अधिकच खेदाने म्हणाला की तुम्ही अजून खोदणारे झालेला नाहीत, तुम्ही अर्जदार आहात.

पुढची चाके जमिनीवर राहावीत म्हणून आम्ही नाकावर वजन टांगले. आधी वाळूचे पिंप. मग वेंडेलची ऐरण. मग त्याच्या आजीची बिडाची चूल, जिच्यावर वर्षानुवर्षे लेफ्सा, म्हणजे नॉर्वेकडची बटाट्याची पोळी, भाजली गेली होती. या वजनाखाली पुढचा आस वाकला. वेंडेलने दुसऱ्या, थोराड ट्रॅक्टरचा आस आणून बसवला. त्याला स्टिअरिंग जुळेना म्हणून स्टिअरिंगही त्या ट्रॅक्टरचे घेतले. तेवढ्यात कॉफीच्या टेबलावर कोणीतरी म्हणाले की नुसत्या तीन पिनांवर टांगलेली सोंड कधीकधी उलटून चालवणाऱ्याच्या पाठीत बसते. सगळ्यांनी माझ्या पाठीकडे पाहिले. मग ट्रॅक्टरच्या पोटाखालून, मागून पुढपर्यंत, लोखंडी चौकट घालण्यात आली. चौकट उत्तम झाली. फक्त इंजिनाचे तेल काढायचे बूच तिच्या आड गेले, त्यामुळे यापुढे तेल बदलायचे तर बॅकहो सोडवणे आले. ज्या ट्रॅक्टरला बसवायचा म्हणून बॅकहो घेतला, त्यातले बॉनेट आणि वडिलांनी रंगवलेली आद्याक्षरे एवढे आता शिल्लक होते.

या काळात मी आंघोळीला शाळेच्या व्यायामशाळेत आणि इतर विधींना रानात जात असे. रानात थंडी वाढत होती. अंगणात निशाणे वाढत होती. कॉर्लिस पाचव्यांदा येऊन गेला तेव्हा ती दोनशे चौदा झाली होती, आणि टपाल टाकणाऱ्या बाईने जत्रा कधी आहे म्हणून चौकशी केली.

तीस नोव्हेंबरला सगळे जुळले. वेंडेल आणि टेबलावरचे बाकी चौघे कॉफीचे थर्मास घेऊन अंगणात उभे राहिले. मी उलट्या बाजूला तोंड करून सीटवर बसलो, दांडा ओढला, बकेट जमिनीला लागली. जमीन आदल्या आठवड्यातच गोठली होती. बकेट आत जाईना, पंप थांबेना, आणि वेंडेलच्या वेल्डिंगमधला एकही सांधा तुटेना. शेवटी जो सगळ्यात हलका होता तो उठला. माझ्यासकट ट्रॅक्टरची मागची बाजू सहा फूट वर गेली, इंजिन गचके खाऊन बंद पडले आणि गारठ्याने घट्ट झालेल्या तेलात दांडा अडकला. नाकावरची चूल जमिनीला टेकली होती. सोंडेवर ओणवा झालेला तो ट्रॅक्टर लांबून नाकतोड्यासारखा दिसत असावा. वरून मला डुलुथचा रस्ता स्पष्ट दिसत होता, आणि त्यावरून आपले यंत्र ट्रेलरवर लादून मार्लिस येत होती.

खालचे पाचही जण थर्मासची झाकणे लावण्यात गुंतले.

मार्लिसने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी तिला म्हणालो की बरी आलीस, आधी मला खाली घे.

"आधी नळी, मग तुम्ही," ती म्हणाली. "आर्डिसकाकूंनी क्रम सांगून ठेवलाय."

चर खणायला तिला चाळीस मिनिटे लागली. नळी टाकून, माती ओढून, जमीन सपाट करून झाली तेव्हा जेवायची वेळ व्हायची होती. सगळे मी वरून पाहिले. इतकी चांगली जागा खाली कोणालाच नव्हती. शेवटी तिने आपली सोंड माझ्या सोंडेखाली घातली आणि मला अलगद जमिनीवर ठेवले. मग दोनशे चौदा निशाणे उपटून माझ्या हातात दिली. ती आता खोदणारी होती.

मी घरात गेलो, साखळी ओढली, कान देऊन ऐकले आणि आर्डिसला फोन केला. वाहतोय, म्हटले.

"ऐकू आलं," ती म्हणाली. "आणि ते धूड?"

मी म्हटले, ते आता पूर्ण बसलेय, वसंतात जमीन सुटली की मागच्या बाजूला एक छोटे तळे... पलीकडे इतकी शांतता पसरली की मला व्हर्नाच्या घरातले घड्याळ ऐकू आले.

"आर्विड, मी बॅग भरत नाहीये. ते अंगणातून गेलं की कळव."

म्हणून ही माहिती. बॅकहो, जुना, एकदाच वापरलेला. सोबत जाड पिना, पंप, टाकी, नळ्या, चौकट आणि बिडाची चूल. आर्डिसने अट घातली की एकही गोष्ट लपवायची नाही, म्हणून सतरा ऑक्टोबरपासूनचे सगळे जसेच्या तसे लिहून मी पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावर लावले आणि इतरत्रही पाठवले. एवढे वाचल्यावर कोणी फिरकणार नाही, या काळजीने मला झोप लागली नाही.

कालपासून सव्वीस फोन आले. सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचले होते, सगळे पोट धरून हसले होते, आणि त्यानंतर प्रत्येकाने आवाज खाली आणून एकच सांगितले, की त्यांचा ट्रॅक्टर माझ्या ट्रॅक्टरपेक्षाही जुना आहे, पण त्यांच्याकडे वेल्डिंग करणारा चांगला आहे.

तुम्हीही हसत हसत इथवर आला आहात. पण मधे, ते पीटीओवरच्या पंपाचे आले तेव्हा, तुमची नजर क्षणभर वर गेली आणि आपल्याकडे नेमके कुठे खणता येईल याचा तुम्ही अंदाज घेतलात. संकोच करू नका. बघायला सकाळी या, ट्रेलर मोठा आणा, आणि निघताना घरी सांगू नका.