डब्यातला मोतीलाल

लीलाधर भंगाळे यांनी एकोणीस वर्षांत रेडिओवर कुठल्याही दुकानाचं, कंपनीचं किंवा मालाचं नाव जाऊ दिलं नव्हतं. संध्याकाळच्या 'बांधावरच्या गप्पा' या कार्यक्रमात ते 'नाना' असत. ध्वनिमुद्रित मुलाखतीत एखादा शेतकरी खुशीत येऊन साबणाचं नाव घेई. मग भंगाळे टेपवर ते नाव नेमकं कुठे आहे ते शोधत, ब्लेडनं तेवढाच तुकडा कापत आणि उरलेली दोन टोकं चिकटपट्टीनं जोडत. श्रोत्यांना साबण कळे, कुणाचा ते कळत नसे. सरकारी रेडिओ म्हणजे कुणाची पेढी नव्हे, असं ते म्हणत, आणि म्हणताना त्यांची मान जरा ताठ होई.

कापलेले तुकडे ते फेकत नसत, कारण टेप सरकारी होती. प्रत्येक तुकड्याला बारीक चिठ्ठी लावून ते एका बिस्किटांच्या डब्यात ठेवत. डब्यावरचं बिस्किटांचं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी खरवडून काढलं होतं.

शहाण्णव साली वरून कागद आला. केंद्रांनी यापुढे आपला खर्च आपण काढावा, प्रायोजक मिळवावेत, आणि ज्या कार्यक्रमाला प्रायोजक नाही तो महिनाअखेर बंद करावा. कार्यक्रम अधिकारी प्रमिलाबाई सपकाळे यांनी तो भंगाळेंना दोनदा वाचायला दिला, कारण पहिल्यांदा वाचून त्यांनी तो शांतपणे उलटा ठेवला होता.

"प्रायोजक मिळालाय," प्रमिलाबाई म्हणाल्या. "चाळीसगावचे मोतीलाल शेठ. फवारणीचे पंप बनवतात. त्यांचं नाव रोज तीनदा यायला हवं, एवढीच अट आहे. आणि ते तुमच्या तोंडून."

"माझ्या कशाला?"

"लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे म्हणे."

"तो मी नावं घेत नाही म्हणून आहे, मॅडम."

"आणि कार्यक्रम बंद झाला तर धनसिंगचं काय?"

साक्रीकडचा धनसिंग अकरा वर्षं त्यांच्यासमोर बसून 'भाऊ' होत असे आणि अहिराणीत त्यांना छळत असे. त्याची नेमणूक महिन्या-महिन्याची. कार्यक्रम गेला तर भंगाळेंना हवामान वाचायला बसवतील, पण धनसिंगला बायको आणि दोन शाळकरी मुली घेऊन साक्रीची गाडी धरावी लागेल, हे भंगाळे आणि प्रमिलाबाई दोघांनाही माहीत होतं. त्या मुलींची नावं भंगाळेंनीच ठेवली होती.

भंगाळे हो म्हणाले. रविवारभर त्यांनी न्हाणीघरात ते नाव घ्यायचा सराव केला. दुपारी त्यांच्या पत्नीनं दार वाजवून विचारलं, "हे मोतीलाल कोण? फार आजारी आहेत का?"

सोमवारी साडेसहाला स्टुडिओतला लाल दिवा लागला. गप्पा थेट जात. भंगाळेंनी कागद समोर धरला, घसा साफ केला आणि म्हणाले, "श्रोतेहो, आजच्या गप्पा प्रायोजित केल्या आहेत... चाळीसगावच्या एका व्यापाऱ्यानं."

धनसिंगनं डोळे मोठे केले. "कोन शे तो व्यापारी, नाना?"

"ते सांगायचं नसतं, भाऊ."

"आते सांगाले चालस. नियम बदली गया."

"पंप बनवतात," भंगाळे कळवळून म्हणाले. "उंचेपुरे आहेत. काळी टोपी घालतात."

"मंग मीच सांगस. त्यास्नं नाव शे मोती—"

इथे घात झाला. धनसिंगच्या जिभेवर एखादं नाव आलं, की माइकचा आवाज पाडणारी खुंटी खाली ओढायची, ही भंगाळेंच्या डाव्या हाताची अकरा वर्षांची सवय. हातानं कुणाला विचारलं नाही. खान्देशभर तीन सेकंद शांतता पसरली. पुढच्या अर्ध्या तासात धनसिंगनं आणखी दोनदा जिवावर उदार होऊन प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा हात वेळेवर पोचला.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं मोतीलाल शेठ केंद्रावर हजर झाले. "माझं नाव म्हणजे शिवी आहे का?" त्यांनी विचारलं. "रात्री चार लोक घरी आले. म्हणे शेठ, रेडिओवाले तुमचं नाव घ्यायला घाबरतात, असं केलंत तरी काय तुम्ही?"

प्रमिलाबाईंनी चहा मागवला, माफी मागितली आणि शनिवारपर्यंतची मुदत मिळवली. मग भंगाळेंना ध्वनिमुद्रणाला बसवलं. खुंटीजवळ दुसराच माणूस बसवला आणि भंगाळेंना डावा हात खिशात ठेवायला सांगितलं. तर हात गप्प राहिला आणि जीभ अडली. 'चाळीसगावचे' इथपर्यंत सुरळीत येई, पुढे ठसका लागे. शुक्रवार संध्याकाळपर्यंत ठसक्यांचं एक अख्खं रीळ भरलं.

धनसिंग घरून आणलेली भाकरी न खाता बसून होता. "नाना, मी तुमले दोष देत नही," तो म्हणाला. "पोरीस्ना शाळाना दाखला काढी ठेवस." भंगाळेंना ते शब्द फार लागले. आपल्या नियमासाठी आपण काहीही सोसलं असतं, पण सोसणारा दुसराच निघाला याची त्यांना लाज वाटली. ते उठले, कपाट उघडलं आणि डबा टेबलावर ठेवला.

"मला बोलता येत नाही," ते म्हणाले. "पण लोक बोललेले आहेत."

चिठ्ठ्या वाचत दोघांनी डबा उपसला. चहा, विड्या, सायकली, इंजिनं यांच्या गर्दीतून मोतीलालचे एकवीस तुकडे निघाले. एकवीस शेतकऱ्यांचे एकवीस आवाज, प्रत्येकात फक्त 'मोतीलाल'. भंगाळेंनी ते एकापुढे एक जोडले, मध्ये संबळ टाकला. जोडता जोडता ते थांबले.

"ही माणसं त्याच्याबद्दल काय म्हणाली होती, आठवतं का रे?"

"चिठ्ठीवर काय लिखेल शे?"

"नुसतं नाव."

"मंग आपलाले नावच जोयजे ना."

शनिवारी शेठनी डोळे मिटून ते ऐकलं. कुणी नाव ठासून घेत होतं, कुणी लांबवून. पारोळ्याच्या रुक्माबाईंचा आवाज तर इतका भरून आलेला होता की शेठनी टोपी काढून हातात घेतली.

"काय ही आपुलकी," ते म्हणाले.

"शेठ, या नावांच्या मागेपुढे काहीतरी वाक्यं होती," भंगाळे प्रामाणिकपणे म्हणाले. "ती मला आता आठवत नाहीत."

"वाक्यं कशाला हवीत? नाव आलं ना?" शेठनी तीन महिन्यांच्या करारावर सही केली आणि स्वतःच्या अक्षरात खाली एक ओळ वाढवली: रोज तीनदा वाजवावे, एकही आवाज वगळू नये. धनसिंगनं भाकरीचं फडकं सोडलं.

दहा दिवस सगळं छान चाललं. अकराव्या दिवशी मोतीलाल शेठ पुन्हा केंद्रावर आले. या वेळी ते बसले नाहीत.

"ती माणसं दुकानात येतायत," ते म्हणाले.

"गिऱ्हाइकं वाढली का?" प्रमिलाबाईंनी आनंदानं विचारलं.

"गिऱ्हाइकं कुठली? पंप घेऊन येतायत. जुने."

झालं होतं ते असं. साक्रीजवळच्या हिलालनं आठ वर्षांपूर्वी मुलाखतीत सांगितलं होतं की मोतीलालचा पंप तिसऱ्या दिवशी फुटला. नाव कापलं गेलं, तक्रार बेवारशी झाली. आता त्याचाच आवाज दिवसातून तीनदा रेडिओवर वाजू लागला. गावानं त्याचं अभिनंदन केलं. हिलालनं माळ्यावरचा पंप काढला, एस.टी.च्या टपावर चढवला आणि चाळीसगावला दुकानासमोर उतरवला. "दिनमा तीन डाव मना आवाज वाजस," तो शेठना म्हणाला. "मी म्हनं, आठ वरीसमा कोनी ते आयकं. ल्या, नीट करी द्या." त्याच्यामागून भुसावळचा एक जण रेल्वेनं आला. मग रुक्माबाई आल्या. त्यांचा पंप गळून गळून फवारणीच्या मोरचुदानं त्यांचं नवं लुगडं निळं झालं होतं, आणि ते लुगडंही त्यांनी पुराव्याला आणलं होतं. एकवीसपैकी सतरा येऊन गेले होते. ज्यांचा आवाज डब्यात नव्हता तेही आता रांगेत उभे राहत होते, आणि नवं गिऱ्हाईक रांग पाहून परत फिरत होतं.

"नाना," शेठनी भंगाळेंसमोर हात जोडले, "तुम्ही कापण्यात पटाईत आहात. माझं नाव तेवढं कापून टाका."

भंगाळेंनी करार काढला. "एकही आवाज वगळू नये. तुमचं अक्षर आहे. अजून ऐंशी दिवस."

"पण हे सगळे तक्रारवाले निघाले ना."

"हो. एकोणीस वर्षं मी त्यांच्या तोंडचं तुमचं नाव कापत आलो, शेठ. ते फुकट होतं. तुम्ही करार करून जोडायला लावलंत."

हे बोलताना भंगाळेंना एक गोष्ट लख्ख कळली आणि ती त्यांना आवडली नाही. एवढी वर्षं आपण रेडिओ राखतोय असं त्यांना वाटत होतं. राखले गेले होते मोतीलाल.

"मग मी करू काय?" शेठनी विचारलं.

"पंप दुरुस्त करा."

साडेसहा वाजत आले होते. भंगाळे स्टुडिओत जाऊन बसले. लाल दिवा लागला.

"आजना कार्यक्रम कोना शे, नाना?" धनसिंगनं सवयीनं विचारलं, आणि सवयीनंच भंगाळेंच्या डाव्या हाताकडे पाहिलं. हात टेबलावर पडून होता.

"चाळीसगावचे मोतीलाल फवारणी पंप," भंगाळे सावकाश, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले. ठसका लागला नाही. "स्टेशनसमोर, पिंपळाशेजारी. जुने पंपही दुरुस्त करून मिळतात."

"परत सांगा, नाना. साक्रीकडे खरखर येस."

नानांनी परत सांगितलं. काचेपलीकडे मोतीलाल शेठ उभे होते. त्यांना आतलं बोलणं ऐकू येत होतं, पण त्यांचं आत ऐकू जात नव्हतं, म्हणून ते दोन बोटांची कात्री करून ती हवेत पुन्हा पुन्हा चालवत होते.