संदर्भकाळाबाहेरचा माणूस

आग्रेसाहेबांना "चहा घेणार का?" असं विचारलं, तर ते हो किंवा नाही म्हणत नसत. चष्मा कपाळावर सरकवून ते उलट विचारत, "संदर्भकाळ?"

नव्या माणसाला वाटे, यांना ऐकू कमी येतं. आम्हा जुन्यांना ठाऊक होतं, की हा माणूस चेष्टासुद्धा करत नाही. "आत्ता, दादा," असं म्हटलं की चष्मा खाली येई. "मग हो. आधी सांगावं."

दिगंबर आग्रे माझे वरिष्ठ. आमचं काम पाहणीचं. वरून गावांची आणि घरांची निवड होऊन येते, त्या घरी जाऊन विचारायचं. घरात मोबाइल किती? इंटरनेट आहे का? कोण कोण वापरतं? फोटो जोडून मेसेज पाठवता येतो का? आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाच्या तोंडाशी तीन शब्द असतात, 'गेल्या तीन महिन्यांत'. हाच तो संदर्भकाळ. आम्ही ते शब्द गिळून पुढचं विचारायचो. आग्रेसाहेब प्रश्न गिळतील, पण ते शब्द गिळणार नाहीत.

घरीही तेच. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "मी विचारते, नारळ फोडलात का? तर हे म्हणतात, गेल्या किती दिवसांत? यम दारात आला तरी त्याला आधी संदर्भकाळ विचारतील, मग चपला घालतील."

आग्रेसाहेब शेजारी बसून शांतपणे म्हणाले, "विचारायलाच हवा. चुकीच्या घरी आला असेल तर?"

काम मी त्यांच्याकडेच शिकलो. बुरोंडीला एका मासळीवालीच्या दारात मी विचारलं, इंटरनेट वापरता का? ती म्हणाली, "नाय ओ साहेब, असलं काय आमच्यात कोन नाय वापरत." मी 'नाही'वर खूण करणार, तोच आग्रेसाहेबांनी माझं मनगट धरलं.

"बाय, आजची सुरमई गिऱ्हाइकाला कळवलीस कशी?"

"फोटो टाकला की दापोलीवाल्यांना. सकाळीच."

"कशावर टाकलास?"

"ह्याच्यावर." तिनं कमरेचा फोन काढून दाखवला. "ह्ये फुकाटचं हाय. त्येला कुठं इंटरनेट म्हनतात?"

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "सत्या, आपण शब्द विचारतो, लोक कामं करतात. काम विचारावं."

त्याच घरात तिचा नवरा आपल्या आईच्या वतीनं उत्तरं द्यायला लागला. "म्हातारीला काय इचारताय, तिला काय कळतंय?" आग्रेसाहेब उठले. "तिचं उत्तर तिच्या तोंडून," असं म्हणून घरामागे गेले. म्हातारी बांगडे वाळत घालत होती. ते तिच्याशेजारी उकिडवे बसले, माश्या वारत. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा अंगाला वास होता आणि चेहऱ्यावर समाधान. म्हातारीला फोन लावता येत नव्हता, पण घेता येत होता. तिचे शब्द त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले: "लाल-हिरवा कळतो मला. हिरव्यावर पोरगा असतो."

अशा माणसाच्या हाताखाली मी काय केलं, ते बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

दहा वर्षांपूर्वी लांज्याकडच्या एका वाडीतली तीन घरं माझ्याकडे उरली होती. चढावरची, लांब लांब, प्रत्येकात एकेकटं म्हातारं माणूस. ऊन मी म्हणत होतं. मी एसटी स्टँडवर बसलो, एक सोडा मागवला आणि तिन्ही फॉर्म तिथंच भरले. संगणक नाही. इंटरनेट नाही. फोन वापरता येतो का, नाही. म्हाताऱ्या एकट्या माणसांना कशाला लागतंय सगळं, असा मी विचार केला. खरं तर विचारही केला नाही.

नेमकं त्यातलं एक घर तपासणीत आलं. तिथली आजी रोज सकाळी बोटीवरच्या मुलाशी व्हिडिओवर बोलत होती. वरून विचारणा झाली. फॉर्मखाली पर्यवेक्षक म्हणून आग्रेसाहेबांची सही होती. त्यांनी लिहून दिलं, "प्रश्न समजावून देण्यात माझ्याकडून कसूर झाली." पुढच्या रविवारी ते एकटेच चढ चढून तिन्ही घरं करून आले. त्यांची बढती त्या वर्षी व्हायची होती. ती झाली नाही, मग कधीच झाली नाही.

मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. मीही गप्प राहिलो. आधी भीतीनं, मग लाजेनं, आणि मग फार दिवस झाले म्हणून.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी म्हणालो, "दादा, फोन करीन." त्यांनी संदर्भकाळ विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. सहा वर्षांत मी एकही फोन केला नाही. नंबर काढायचो, तर ते तीन फॉर्म आडवे यायचे. वहिनी गेल्याची बातमी ऑफिसच्या ग्रुपवर आली, तेव्हा मी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि फोन खिशात ठेवला.

यंदा फेब्रुवारीत नवी यादी आली. लांज्याजवळची वाडी, आठ घरं. पाचवं नाव, दिगंबर आग्रे. घर बदलून मागायची सोय आमच्यात नाही. हे त्यांनीच शिकवलं होतं.

ते ओटीवर बसले होते. बारीक झाले होते. मला बघून उठले नाहीत की हसले नाहीत, फक्त माझ्या हातातला टॅब बघितला.

"ओळखपत्र दाखव."

मी दाखवलं. त्यांनी नीट वाचलं. मग म्हणाले, "बस. वाचून दाखव, गाळू नकोस."

"कुटुंबात माणसं किती, दादा?"

"एका चुलीवर जेवणारी," त्यांनी दुरुस्त केलं. "एक."

"मोबाइल?"

"दोन. दोन्ही चालू."

"गेल्या तीन महिन्यांत कॉल घेतला का?"

"पुतण्याचा मुंबईहून गणपतीत आला होता. तो संदर्भकाळाबाहेर. बँकेचा येतो तो यंत्राचा आवाज, तो मी धरत नाही." ते थांबले. "पण उत्तर 'हो' लिही. कॉल घेतला, हो. कॉल केला, तेही हो. रोज."

"कुणाला?"

"हा प्रश्न अनुसूचीत नाही."

मी मान खाली घालून 'हो' दाबलं. तसे तेच म्हणाले, "दौऱ्यावर असलो की सकाळी अकराला मी हिला फोन करायचो. तिचा फोन आत फडताळावर आहे. रिचार्ज करतो, नाहीतर नंबर दुसऱ्याला देतात. अकराला इथून लावतो. वाजला की आत जाऊन उचलतो."

"मग?"

"मग काय? बोलणार कोण? चालू ठेवतो, भाजी निवडून होईपर्यंत. केलाही मीच, घेतलाही मीच. सूचनापुस्तिका काढून बघ, तिची हरकत नाही."

खरंच नव्हती. फॉर्म पुरा झाला, कुठेही चूक दाखवली नाही. वय सहासष्ट, मोबाइल दोन, बोलणं रोजचं. माझ्या पाहणीत याहून चांगला फोन वापरणारा म्हातारा सापडला नव्हता.

टॅब बंद केल्यावर मी म्हणालो, "दादा, ती तीन घरं. मी गेलोच नव्हतो. स्टँडवर बसून भरली."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कधीची गोष्ट?"

"दहा वर्षं झाली."

"संदर्भकाळाबाहेर," ते म्हणाले. "नोंदवू नये."

मी टॅब पिशवीत ठेवला. काजूच्या पानांचा पाचोळा अंगणात सरकत होता. मग ते आत जाता जाता म्हणाले, "चहा घेणार का? आत्ता."

दुसऱ्या दिवशी अकराला मी त्यांना फोन लावला. व्यस्त. पाच मिनिटांनी परत लावला, व्यस्त. पंधरा मिनिटांनीही तेच. पलीकडे दोन फोन एकमेकांसमोर उघडे पडलेत आणि मधे एक माणूस भाजी निवडतोय, हे मला ऑफिसच्या जिन्यात उभं राहून दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी मी अकराला पाच कमी असतानाच लावला. वाजला. बराच वेळ वाजला.

"कोण?"

"सतीश."

"फॉर्ममधलं काही राहिलं?"

"नाही दादा. असाच केला."

त्यांचा चष्मा कपाळावर गेला असावा.

"'असाच' असा पर्याय यादीत नाही," ते म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ठेवू नकोस," आग्रेसाहेब म्हणाले. "भाजी घेऊन बसतो."