एक इसम कमी

मंदाताई खोपकरांनी परत केलेल्या कादंबरीत एक माणूस कमी भरला, म्हणून वाचनालयाने ती जमा करून घ्यायला नकार दिला.

ग्रंथपाल तारळेकरांनी पुस्तक दोनदा चाळून पाहिलं. वडील होते, आई होती, थोरला मुलगा होता. धाकटी वत्सू, वय वर्षं नऊ, कुठल्याच पानावर नव्हती. तारळेकर शांत माणूस. पान फाटो की चहा सांडो, त्यांचा आवाज कधी चढत नसे.

“ताई, तुम्हाला चार इसम दिले होते. तीनच आलेत.”

“चौथी माझ्या घरी आहे,” मंदाताई म्हणाल्या. “आक्का तिची वेणी घालतायत. ती काही परत मिळायची नाही.”

आक्का म्हणजे मंदाताईंची थोरली नणंद. दोघी बायका एकाच घरात राहायच्या, आणि सोमवारपासून त्या घरात तिसरं पान मांडलं जात होतं.

झालं होतं एवढंच. सोमवारी दुपारी मंदाताई वाचत वाचत पान एकशे बेचाळीसवर आल्या. तिथे वत्सू जेवताना हसली म्हणून वडिलांनी तिला कोठीच्या खोलीत घातलं, कडी लावली आणि परत येऊन पाटावर बसले. आईने त्यांना आणखी भात वाढला. ते वाचून मंदाताईंचं डोकं फिरलं. बाईने तीस वर्षं बालवाडी चालवलेली, आवाज कसला खणखणीत. “काढा ती कडी. वत्सू, चल माझ्याबरोबर,” असं त्या पुस्तकावर ओरडल्या. कादंबरीतल्या त्या घरात चढ्या आवाजाचं मुकाट ऐकायचं अशीच सवय होती. आईने उठून कडी काढली, पोरगी बाहेर आली आणि मंदाताईंच्या खुर्चीशी उभी राहिली. आक्कांनी तिला आधी पोटभर थालीपीठ खाऊ घातलं.

तारळेकरांनी नियमांची वही काढली. “नियम अकरा. पुस्तक नेलं तसं, इसमांसह परत करावं. न केल्यास वाचनालय माणूस पाठवून कमी असलेला इसम घरून आणवील. शनिवारपर्यंत मुदत आहे. पुढे सात वाचक नंबर लावून बसलेत.”

“कशाला? पोर कोंडलेली बघायला?”

“कादंबरी चांगली आहे, ताई. लोक हळहळतात.”

“हळहळतात आणि?”

“आणि अभिप्राय लिहितात.” त्यांनी अभिप्रायांची वही मंदाताईंपुढे सरकवली. या वाचनालयात अभिप्राय लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळत नसे, त्यामुळे सगळे लिहायचे.

मंदाताई वाचायला लागल्या आणि त्यांची कानशिलं तापली. एकाने लिहिलं होतं, अंगावर काटा आला. विचार करायला लावणारी कलाकृती. झोप उडाली, अवश्य वाचावी. एकेचाळीस जणांनी लिहिलं होतं आणि एकेचाळीस जणांनी चारही इसम मुदतीत परत केले होते.

“लाज नाही वाटली एकालाही?” त्या म्हणाल्या. “काटा आला म्हणे. अरे, पोरीला भरल्या ताटावरून उठवून कोंडतात, आणि यांची झोप उडाली त्याचं कौतुक. मला नावं दाखवा. एकेकाच्या दारात जाऊन विचारते.”

“सह्या आहेत ना खाली,” तारळेकर म्हणाले. “नववा अभिप्राय बघा.”

नववा अभिप्राय चौदा वर्षांपूर्वीचा होता. भाषा फार सुंदर, मन हेलावलं. अक्षर बालवाडीतल्या बाईंचं, गोल आणि टपोरं. खाली सही होती, मंदा खोपकर.

 आपण ही कादंबरी आधी वाचली होती, हे मंदाताई साफ विसरून गेल्या होत्या. चौदा वर्षं ती पोर नऊ वर्षांचीच राहिली आणि दर वाचकागणिक आत गेली. एकदा आपल्याही देखत गेली. आता त्यांना संताप आला तो स्वतःचाच, आणि तो कुणावर काढायची सोय नव्हती.

शनिवारी सकाळी त्या वत्सूला घेऊन आल्या. पोरीने त्यांचा पदर घट्ट धरला होता. तारळेकरांनी पुस्तक एकशे बेचाळीसवर उघडून ठेवलं. पाटावर बसलेल्या वडिलांनी मान वर करून पाहिलं.

“मी जायचं का?” वत्सूने विचारलं.

“तू कशाला मरायला जातेस?” मंदाताई म्हणाल्या. मग तारळेकरांकडे वळल्या. “नियमात इसम चार म्हटलंय. कोणते, ते लिहिलंय का?”

तारळेकरांनी नियम अकरा पुन्हा वाचला, उलट बाजूही पाहिली. “तसं नमूद नाही.”

“मग माझं सभासदत्व हिच्या नावे करा. पत्ता तोच, पालक आक्का.”

त्यांनी चपला काउंटरखाली काढल्या, पदर खोचला आणि उघड्या पानातून आत गेल्या. जाताना तेवढं म्हणाल्या, “आक्कांना सांगा, कुकरची शिट्टी बदलायची राहिलीय.” तारळेकरांनी माणसं मोजली. चार भरली. त्यांनी पुस्तक जमा करून घेतलं.

पुढचा वाचक आठ दिवसांत तक्रार घेऊन आला. पान एकशे बेचाळीसवर कोणी एक म्हातारी पाटावर येऊन बसते. वडील उठायला लागले की, “आधी पानातलं संपवा,” म्हणून ओरडते, आणि ते मुकाट खाली बसतात. आई भात वाढायला उठली की तिलाही बसवते, “तुम्हीही जेवा आता,” म्हणते. कोठीचं दार सताड उघडं आहे. पुढे गोष्ट सरकतच नाही, शेवटपर्यंत जेवणच चालू आहे. तारळेकरांनी तक्रार नोंदवली आणि ही कादंबरी शाळेत पाठ्यपुस्तक म्हणून लावायची स्वतःच केलेली शिफारस मागे घेतली.

वत्सू दर शनिवारी येते. तेच पुस्तक मागते, खिडकीशी बसून तेच पान उघडते आणि जाताना परत करते. इतर वाचकांना लागू तो नियम तिलाही लागू आहे, म्हणून तारळेकर वही पुढे करतात. अक्षर अजून वाकडंतिकडं आहे, पण आक्का शिकवतायत.

गेल्या शनिवारी तिने लिहिलं, आजी अजून रागातच आहे.