पालथ्या आरशांची चाचणी

आरशांच्या कारखान्यातल्या इंजिनिअरबाईंची नोकरी कायम होणार की नाही, हे त्या दिवशी दोन काळ्या डब्या ठरवणार होत्या. दोन्ही म्हणजे साबणाच्या वडीएवढे सेन्सर. दोन्हींतून लेसरचा लाल ठिपका पडायचा आणि दोन्हींचं काम एकच: आरसा किती अंतरावर आहे ते यांत्रिक हाताला सांगायचं. हात नवाकोरा होता, आरसे उचलून खोक्यात भरण्यासाठी घेतलेला. त्याला कोणती डबी जोडायची ते बाईंनी सांगायचं होतं. त्यांची उमेदवारी त्याच संध्याकाळी संपत होती आणि "कायम झालीस की आधी मला फोन कर," असं आईने सकाळीच बजावलं होतं.

बाईंनी जीव तोडून तुलना केली होती. पहिली डबी प्रकाश जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायची. ती लांबूनही चालायची, पण बारकाव्यात जरा ढिली. दुसरी, परतलेला ठिपका कोणत्या कोनातून आला ते बघायची. केसाएवढा फरक पकडायची, पण तिला जवळ बसवावं लागायचं.

"म्हणजे एक घड्याळ बघते आणि एक तिरक्या डोळ्याने बघते," फोरमनकाकांनी सार काढलं. "दोघी गुणी आहेत हो. कोणतीही घ्या."

काकांचा कारखान्यात एक दंडक होता. आरसा टेबलावर पालथाच ठेवायचा, राखाडी पाठ वर. सुलटा ठेवला की जो तो थबकतो, केस सारखे करतो आणि काम खोळंबतं. सुलटा आरसा फक्त पॅकिंगच्या टेबलावर, कारण शेवटची नजर तिथे टाकायची असते. बाईंना चाचणीसाठी मिळाली ती मागची खोली. तिथे आरसे आले ते रीतसर पालथे, डब्यांनी त्यांची अंतरं बिनचूक सांगितली आणि बाईंनी दोघींनाही उत्तीर्ण केलं. कोणालाच काही खटकलं नाही.

प्रात्यक्षिक ठेवलं पॅकिंगच्या टेबलावर. मालक आले, हात मागे बांधून उभे राहिले. टेबलावर आरसा चकाकत होता. तो सुलटा आहे हे बाईंच्या ध्यानात आलं, तोवर त्यांनी बटण दाबलं होतं.

पहिल्या डबीचा किरण आरशावरून उसळून छताला गेला आणि तिथून परतला. डबीने तेवढा सगळा प्रवास धरला. हात खाली आला, आणखी खाली आला, आणि आरशाचे तुकडे झाले.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"तिला आरसा जमिनीखाली दिसला, साहेब."

"आणि दुसरीला?"

दुसरी जोडली, नवा आरसा ठेवला. ठिपक्याचा उजेड भलतीकडेच निसटला, डबीकडे काहीच परतलं नाही. हात जागचा हलला नाही.

"हिला दिसतच नाही," बाई म्हणाल्या.

"आपण बनवतो काय?"

"आरसे, साहेब."

कोणी हसलं नाही. बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात त्यांना उपाय सुचला. "आरशावर जरा पावडर भुरभुरली तर ठिपका नीट दिसेल!"

काकांनी आपल्या कपाटातली पावडर आणून दिली. जेवणानंतर ते तोंडाला लावत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची ती वेळ नव्हती. दुसऱ्या डबीला आरसा लख्ख दिसला. हात अलगद खाली आला, हवा ओढून धरणाऱ्या रबरी वाट्या टेकल्या, आरसा वर उचलला गेला. बाईंनी श्वास सोडला. मग पावडरीवरून वाट्या घसरल्या आणि आरसा मालकांच्या बुटांपाशी फुटला.

मालकांनी बूट झटकले. "हा हात परत जाईल?"

"नाही साहेब, आपल्या मापाने बनवून घेतलाय," काका म्हणाले.

"चूक माझीच आहे," बाई म्हणाल्या. "मी पाठीच तपासल्या. चकचकीत पृष्ठभागासाठी वेगळी डबी मिळते, ती मागवू या का?"

"आता डब्या पुरे! पण मग याला अंतर कोण सांगणार?"

काकांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. "बाई मोजतील आणि आकडा बटणांनी घालतील. त्यांना आरसा दोन्ही बाजूंनी दिसतो."

मालकांनी पट्टीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मान डोलावली.

संध्याकाळी हाताशेजारी स्टुलावर बसून बाईंनी घरी फोन लावला.

"आई, कायम झाले मी."

"अगंबाई! छान झालं गं! आणि त्या दोन सेन्सरांतला कोणता निवडला त्यांनी?"

हात आरशावर येऊन थांबला होता, आकड्याची वाट बघत. बाईंनी वाकून पट्टी लावली.

"मला," त्या म्हणाल्या.